बोंतूची नऊ झाडं

ओमानमधल्या सहमच्या जुन्या बाजारात माझं जडीबुटीचं दुकान आहे. सोनामुखी, हिरडा, लोबान, कलौंजी. मी मूळचा हर्णैचा, पण आयुष्य इथेच गेलं. चार वर्षांपूर्वी एक हबशी बाई दुकानात आली आणि अळिवाच्या पोत्यात हात घालून ओरडली, "फेतो!"

मी म्हटलं, "अरबीत हे रशाद. आमच्याकडे अळीव म्हणतात. बाळंतिणीला देतात."

"आमच्याकडे पोटाला," ती म्हणाली. तिची अरबी माझ्याइतकीच मोडकी, त्यामुळे आमचं लगेच जमलं.

तिचं नाव बोंतू. इथिओपियातली, जिम्माजवळच्या खेड्यातली, ओरोमो जमातीची. सहममध्येच एका घरात म्हातारीची सेवा करायला होती. तिचा बाप गावचा वैद्य. दोन-दोन दिवस चालत माणसं त्याच्याकडे येत, असं ती सांगायची. मला वाटलं, ही जाणकार आहे, दुकानाला उपयोगी पडेल. मी एक मूळ पुढे केलं. "हे कोणतं?"

तिने डोळे मिटून वास घेतला. "पावडर करा, मग सांगते."

मी हसलो. तिला हसू आलं नाही. त्यांच्यात ही विद्या बाप थोरल्या मुलाला देतो. बोंतूचा बाप पहाटे तिच्या भावाला घेऊन रानात जायचा. झाड कोणतं, पान कधी तोडायचं, मूळ कुठून खणायचं, सगळं तिथेच व्हायचं. घरी यायचा तो नुसता पाला, फडक्यात बांधलेला, निम्मा चुरगळलेला. तो कुटायचं काम बोंतूचं. तिने वीस वर्षं औषधं कुटली. वासावरून तिला प्रत्येक भुकटी कळे, पण रानात उभी केली तर झाड ओळखता आलं नसतं.

आणि ज्याला शिकवलं तो भाऊ अदिस अबाबाला जाऊन ट्रक चालवू लागला. "त्याला काही आठवत नाही," बोंतू म्हणायची. "आठवत नाही म्हणून वाईटही वाटत नाही!"

बाप थकला होता. ती दर शुक्रवारी माझ्या दुकानातून त्याला फोन लावायची, कारण घरी म्हातारी सारखी हाक मारायची. तिची भाषा मला कळत नव्हती, पण आवाज चढला की विषय कळायचा. फोन ठेवून ती मला सांगायची.

"म्हणतो, दवा फोनवर सांगितली की तिचा गुण जातो. झाडापाशी ये."

"मग जा ना."

"बाबा, मी काय शेजारच्या गल्लीत राहते?"

मला ती बाबा म्हणायची. आजूबाजूच्या घरांतल्या ओरोमो बायका सुट्टीला तिला गाठायच्या. कुणाचं डोकं दुखतंय, कुणाच्या अंगावर पुरळ उठलंय. बोंतू सांगायची, मला येत नाही, दवाखान्यात जा. कुणाला खरं वाटायचं नाही. वैद्याची मुलगी आणि औषध लपवते, असं एक जण तिच्या तोंडावर म्हणाली. त्या दिवशी बोंतू माझ्या दुकानात स्टुलावर बसून राहिली.

मग बाप पडला. फार लागलं नाही, पण घाबरला असावा. त्यानेच शेजाऱ्याच्या फोनवरून निरोप दिला, ये, तुला दाखवतो. मुलीला दाखवतो म्हणाला! बोंतू धावत सांगायला आली.

तिच्या कराराची दोन वर्षं भरली होती, रजा हक्काची होती. पण त्याच आठवड्यात म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं. अर्बाब, म्हणजे तिचा मालक, म्हणाला, रमजान होऊ दे, इन्शाल्ला. रमजान झाला. मग ईद होऊ दे. मग त्याच्या बहिणीला हजला जायचं होतं.

मला राहवलं नाही. मी अर्बाबला भेटलो. त्याने मला कॉफी दिली, खजूर दिले. माणूस वाईट नव्हता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हुसैन, तुझं खरं आहे. पण माझ्या आईला उचलणार कोण? ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही." खजूर खाऊन परत आलो. बोंतूने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ओळखलं. तेव्हा माझी मलाच चीड आली.

सात महिन्यांनी ती गावी गेली. चाळीस दिवसांनी परतली, ती थेट दुकानात.

"शिकलीस?" मी विचारलं.

तिने पिशवी आपटली. ती पोचायच्या अकरा दिवस आधी बापाच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बोंतू रोज रानात जायची आणि दिसेल त्या झाडाची फांदी आणून त्याच्या मांडीवर ठेवायची. तो डाव्या हाताने चुरगळून वास घ्यायचा. औषधाची असली तर खाटेवर एकदा ठोकायचा. मग ती आपलं पोट दाखवायची, डोकं, गुडघा, छाती. कुठेतरी तो ठोकायचा. किती द्यायचं, कशात द्यायचं, गरोदर बाईला चालतं का, हे ठोकून कसं सांगणार? तो थकायचा, फांदी फेकून द्यायचा, रडायचा.

"एकदा मी ओरडले त्याच्यावर," ती म्हणाली. "बोलता येत होतं तेव्हा का नाही सांगितलंस? त्याने भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस फांदीला हात लावला नाही. चाळीसातले दोन दिवस, बाबा! माझ्यामुळे गेले."

साठेक झाडं त्याला ठाऊक होती, असा तिचा अंदाज. तिला मिळाली नऊ. त्यातल्या दोन झाडांसाठी त्याने एकदा पोट दाखवल्यावर ठोकलं होतं, एकदा छाती. ती परतल्यावर तीन आठवड्यांनी बाप गेला. ती तेव्हा इथे म्हातारीला भरवत होती.

रानात ती एकटी जात नव्हती, हे तिने नंतर सांगितलं. मावशीकडे राहणारी तिची अकरा वर्षांची मुलगी बरोबर असायची. प्रत्येक झाडापाशी बोंतू मोठ्याने बोलायची, पान हातात द्यायची, नाव तीनदा म्हणून घ्यायची. पोर कंटाळायची, खाजकुयलीने रडायची, कधी घरी जायचं म्हणून हट्ट धरायची.

गेल्या शुक्रवारी बोंतू चिडलेली आली. मावशीने मुलीला रानात नेऊन विचारलं होतं.

"नऊ झाडांतली किती ओळखली, सांगू? चार. चारच!"

"चार काही कमी नाहीत," मी म्हणालो.

"तुम्ही मला समजावू नका," ती म्हणाली. म्हातारीची कूस बदलायची वेळ झाली होती. ती ओढणी सावरत निघून गेली.