मालनचा शेक

माहीमच्या कोळीवाड्यात मालनचं तोंड तिखट म्हणून सगळ्यांना ठाऊक. सासूपुढं मात्र ती मुकी. बकुळाबाय बोलायला लागली की कोंबड्यासुद्धा खुराड्यात शिरायच्या. पण मालनला पहिली पोर झाली नि सासू पाघळली. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली, ओव्याची धुरी दिली, कढत तेलानं सुनेची कंबर रगडली. "हाडं भरून आली पायजेत," म्हणायची. मालनला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच्याच घरी बाळंत झालोय.

संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती ते दिवस. रस्त्यावर संचारबंदी, दुकानांना कुलुपं, कोळसा कुठं मिळेना. त्यातच पाचवीच्या दिवशी, सटवाई पुजायच्या आधीच, पोर गेली. नवरा बुधाजी तिला पुरून आला नि भिंतीकडं तोंड करून बसला. बकुळाबायनं डोळे पुसले, वाकली आणि बाजेखालची शेगडी ओढून काढली.

"आये, शेगडी कुठं नेतेस?"

"शेजारी, कांताच्या बाजेखाली. तिचा पोरगा जगलाय."

"अंग माझं दुखतंय गो. पोरीचं नाय."

"शेक दुधासाठी असतो, बाय. तुझं दूध आता पिणार कोण?"

बुधाजी ऐकत होता. भिंत काही त्याला सोडवेना.

रात्रभर मालनची कंबर ठणकत राहिली. छाती दगड झाली, चोळी भिजून अंगाला चिकटली. सकाळी सासू परत आली, आवाज एकदम मऊ.

"कांताला दूधच उतरत नाय गो. पोरगा रडून रडून निळा पडलाय. तू घे जरा."

मालननं पहिल्यांदा सासूच्या डोळ्यांत बघितलं. "आधी शेगडी आण."

"लेकरू भुकेलंय नि तू भाव करतेस? मासळीबाजार हाय काय हा?"

"शेक दुधासाठी असतो, तूच बोललीस. मग आण."

शेगडी आली, मागोमाग कांताचा पोरगा. तो लुचू लागला, खालून ऊब चढली, कंबर सैलावली. म्हशीकडं बघावं तसं वाकून बघत बकुळाबाय म्हणाली, "चांगलं उतरलंय दूध." मालनला बरं वाटत होतं, आणि त्याचाच तिला संताप येत होता.

पुढं ती दोनदा बाळंत झाली. दोन्ही वेळा शेगडी माहेरून आणवली, नि सासूला तिला बोटही लावू दिलं नाही.