बिनब्रेकची बायको

त्या दिवशी मी कामावरून घरी आले, तर आमच्या सासूबाई डायनिंग टेबलाखाली पालथ्या पडलेल्या. वाकून बघते तर काय, दोन्ही काखांखाली पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या पट्ट्यांनी बांधलेल्या आणि बाई कोपरांवर सरकत खुर्च्यांच्या पायांमधून निघालेल्या. खुर्ची हलली का गं, एवढंच त्यांनी विचारलं. नाही हलली, म्हटलं. मग जमतंय, म्हणाल्या आणि पुढे सरकल्या.

तर ह्या आमच्या आई. सासूबाई म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे जे काही येतं, ते आधी विसरा. गाड्यांची सीटकव्हरं शिवायचं दुकान त्यांचं. आयुष्यभर रेक्झिनचे तागे उचलून मणका सरकला. डॉक्टर म्हणाले, पाठीवर अजिबात वजन घ्यायचं नाही, पोहायला जा. दुसरी कोणी असती तर गपचूप पोहली असती. ह्यांनी गावाबाहेरच्या तलावावरचा स्कूबाचा क्लब गाठला. तिथे सगळे पाठीवर हवेची टाकी घेऊन उतरतात, ते ह्यांना जमणार नव्हतं. मग तिथल्या मास्तरांनी दुसरी तऱ्हा दाखवली, साइडमाउंट. पाठ मोकळी, दोन टाक्या दोन बाजूंना काखेखाली, त्याही पाण्यात उतरल्यावर हुकाने अडकवायच्या. काठापर्यंत त्या वाहून नेणारे हमाल म्हणजे मी आणि माझा नवरा. पट्टे विकत मिळतात, पण आईंनी ते उलटसुलट करून बघितले, ही काय शिवण म्हणायची का, असं म्हणाल्या आणि घरी स्वतःचे शिवले. श्वास थोडा ह्या टाकीतून, थोडा त्या टाकीतून घ्यायचा, म्हणजे दोन्ही सारख्या रिकाम्या होतात. दोन सुना असत्या तर अशाच सारख्या वागवल्या असत्या, असं त्या म्हणतात. एकुलत्या एका सुनेला काय वाटतं, ते कोणी विचारत नाही.

आता तो तलाव. तो मुळात तलाव नव्हेच, दगडाची खाण होती. माझे सासरे, म्हणजे बाबा, तिथे क्रेन चालवायचे. एके दिवशी खालून पाणी फुटलं, भोंगा वाजला आणि जो तो जीव मुठीत धरून वर पळाला. बाबाही पळाले. त्यांच्या मागोमाग क्रेन घसरत खाली गेली ती थेट पाणी उपसणाऱ्या पंपावर. पंप गेला, खाण बुडाली, सगळ्यांची कामं गेली. मुकादमाने सांगून टाकलं, ह्याने ब्रेक न लावताच उडी मारली. झालं! तेव्हापासून बाबांचं नाव पडलं बिनब्रेक. दुकानदार त्याच नावाने हाक मारतात, बाबाही हसून ओ देतात. मला मात्र तळपायाची आग मस्तकात जाते.

कारण घरात काय होतं ते मी बघते. बाबा गाडी लावतात, हँडब्रेक ओढतात, जिना चढून वर येतात, चपला काढतात आणि पुन्हा चपला घालून खाली जातात, ब्रेक बघायला. रोज. नवीन लग्न झालं तेव्हा मला वाटायचं, काहीतरी विसरून येत असतील. मग आईंनीच सांगितलं. त्या दिवशी क्रेनचा ब्रेक ओढला होता की नाही, हे बाबांना स्वतःलाच आठवत नाही. लोकांनी इतकी वर्षं इतकं सुनावलं, की आपल्याच हाताचा भरवसा गेला बिचाऱ्यांचा.

क्रेन अजून तळाशी आहे. एका अंगाने गाळात रुतलेली आणि केबिनचं दार कड्याकडे. मधे अरुंद फट. पाठीवर टाकी असलेला माणूस तिथे अडकतो. पण काखेतल्या टाक्यांचे खालचे हूक सोडून त्या पुढे ढकलल्या, की सपाट होऊन सरकता येतं. टेबलाखालची तालीम त्यासाठी चालली होती.

आणि केबिनमधल्या पाचपन्नास दांड्यांतला ब्रेकचा कुठला, तो गढूळ पाण्यात कसा कळणार? तर तो फक्त आईंनाच कळणार. लग्नानंतर बाबांच्या तळहाताला फोड आलेले बघून त्यांनी त्या दांड्याच्या मुठीला रेक्झिनचं कव्हर शिवून दिलं होतं. नायलॉनचा दोरा, दुहेरी टीप. अशी टीप कुठे जात नाही, म्हणाल्या.

जेवताना त्यांनी हे सांगितलं तेव्हा बाबांचा घास हातातच राहिला. ते म्हणाले, "आणि नसला ओढलेला तर?"

"तर नसेल," आई म्हणाल्या. "लग्नाआधीपासून तुम्ही सायकल स्टँडवर लावून वर चाकाला दगड लावायचात. काय सापडणार ते मला माहीत आहे. तुम्हाला माहीत नाही, म्हणून जातेय."

बाबांनी हात धुतले आणि खाली गाडी बघायला गेले.

मास्तर सहजासहजी ऐकणारे नव्हते. तलावाच्या काठावरच्या धक्क्याच्या दोन खांबांमधून त्यांनी आईंना इतक्या वेळा काढलं, की मी कंटाळून गेले. शेवटी हो म्हणाले, पण दोरी बांधून, आणि आपण स्वतः फटीच्या तोंडाशी थांबणार. आत का नाही, तर पोट. ते त्यांनीच मोकळेपणाने सांगितलं.

त्या सकाळी बाबा आमच्याबरोबर आले खरे, पण गाडीतून उतरेनात. काचा वर करून बसले. काठावर क्लबातले दोघे फिदीफिदी हसत होते, बिनब्रेकची बायको ब्रेक शोधायला निघाली म्हणून. मी एक टाकी एकाच्या हातात दिली, दुसरी दुसऱ्याच्या, आणि म्हटलं, हसून झालं असेल तर पाण्यापर्यंत पोचवा. पोचवल्या गुपचूप. आईंनी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून हूक लावले, पट्टे ओढून बघितले आणि मास्तरांपाठोपाठ पाण्याखाली गेल्या. नेहमी दुकानाचं शटर वर करतात, तशाच चेहऱ्याने.

बुडबुडे लांब जाऊन एका जागी थांबले. मग तळाचा गाळ ढवळून तिथलं पाणी तांबूस झालं. माझा जीव टांगणीला लागला होता, खोटं कशाला बोलू? नवरा माझा दंड इतका घट्ट धरून उभा, की वळ उठले.

आई काठाजवळ वर आल्या तेव्हा तोंडातली नळी काढून आधी त्यांनी गाडीकडे बघितलं. काच खाली झाली होती.

"अहो, ओढलेला आहे," त्या पाण्यातूनच म्हणाल्या. "शेवटच्या दातावर अडकलाय. क्रेनखालची जमीनच खचली असणार."

बाबांनी एवढंच विचारलं, "टीप तुझीच होती?"

"मग काय मुकादमाची?"

बाबांनी स्टीअरिंगवर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखे रडले. आई बाहेर येऊन खिडकीशी उभ्या राहिल्या, ओला हात त्यांच्या पाठीवरून फिरवत. ते दोघे हसणारे केव्हाच सटकले होते.

घरी परतलो. बाबांनी गाडी लावली, ब्रेक ओढला. आम्ही पुढे वर येऊन चहा टाकला. जिन्यावर त्यांची पावलं वाजली, मग चपला काढल्याचा आवाज. आई गॅसपाशी आणि मी कपांपाशी, दोघी कान देऊन उभ्या. चपला पुन्हा वाजल्या नाहीत. दार लावून घेतलं त्यांनी आणि आत येत विचारलं, चहात आलं घातलंय का.