खिडकीतून टाकलेली बॅग

माझा लॅपटॉप ज्यानं नेला तो माझ्या अंगाला घासून गेला असणार. त्याचं तोंड मला आठवत नाही, याचा संताप अजून जात नाही.

दर शनिवारी दुपारी आम्ही बापलेक कोल्हापूरच्या स्टँडवरून मलकापूरची एसटी पकडतो. मलकापूरच्या पुढं आमचं गाव. आबांनी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, फौंड्रीत, आयुष्य काढलं. आता रिटायर आहेत, आठवड्यातून एकदा रानात पाय ठेवला नाही तर त्यांना करमत नाही. मी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. आमच्या भावकीतली पहिली पदवी माझी, आणि हे सांगायला मी लाजत नाही. पीएचडीची दोन प्रकरणं, वर्गातल्या नोट्स, सगळं त्या लॅपटॉपात होतं.

शनिवारी गाडी फलाटाला लागायच्या आत माणसं खिडक्यांखाली पळतात. रुमाल, टोपी, जेवणाचा डबा, हाताला येईल ते खिडकीतून सीटवर टाकायचं. टाकलं की जागा तुमची. आबांचा यात हातखंडा. मी शाळेत असल्यापासून बघत आले, त्यांच्या टॉवेलवर कधी कुणी बसलं नाही. लोक उभे राहतील, पण तो टॉवेल उचलणार नाहीत.

त्या दिवशी टॉवेल घरी राहिला होता. गाडी वळली तशी त्यांनी माझ्या खांद्यावरची बॅग ओढली आणि पळाले. मी हाक मारेपर्यंत बॅग आत गेली होती. मागं वळून हसले.

"दोन शिटा धरल्या. खिडकी तुझी."

आतली माणसं उतरत होती, आम्ही दारात चेंगरत उभे. त्या उतरणाऱ्यांतच तो असणार. आम्ही आत पोचलो तर आमच्या जागेवर एक बाई गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली.

"इथं बॅग हुती," आबा म्हणाले.

"शीट मोकळी हुती की. मी काय बॅगंवर बसलोय व्हय?"

आबांनी गुडघे टेकून सीटखाली हात घातला. मग पुढच्या सीटखाली. मग मागच्या. पांढरा सदरा मळला. आणि मी, शिकलेली, सगळ्या गाडीसमोर ओरडले, "आबा, अक्कल हाय का तुम्हाला? जागा धरायला लॅपटॉप टाकतंय का कोण?"

मागून एकजण म्हणाला, "पावणं, टोपी टाकायची हुती." दुसरा म्हणाला, "आता अजून एक बॅग टाका, ती पयलीला हुडकून आणंल." हसले सगळे. आबाही हसल्यासारखं करत उठले. गुडघ्याची धूळ झाडली नाही.

आम्ही उतरलो आणि पोलीस चौकीत गेलो. आबा बाहेर बाकावर बसले. आत हवालदारानं कोरा कागद पुढं सरकवला, काय झालं ते अर्जात लिहा म्हणाला. रागाच्या भरात मी चांगलं पानभर लिहिलं. सोमवारी या म्हणाला.

सोमवारी गेले तर हवालदार म्हणाला, "मॅडम, गहाळ लिहूया. आत्ता शिक्का मारून दाखला देतो."

"गहाळ कशी? चोरलीय."

"तुम्हीच टाकली की खिडकीतून."

"जागा धरायला टाकली. तुम्ही कधी रुमाल टाकला न्हाय?"

"टाकलाय की. रुमाल टाकलाय."

"तो कुणी नेला?"

तो हसला. "रुमाल कोण नेतंय?"

"नेत न्हाय, कारण दुसऱ्याचा असतो म्हणून. बॅग पण दुसऱ्याची हुती. टाकलेल्या वस्तूला हात लावायचा न्हाय हे लहान पोराला कळतं इथं. ज्यानं लावला तो चोर. चोरीच लिहा."

"चोरी लिहिली की तपास आला."

"मग करा की. तुमचंच काम हाय ते."

दुपारपर्यंत बसवून ठेवलं. मी हलले नाही. शेवटी वैतागून म्हणाला, "बुधवारी वडिलांना घेऊन या. टाइप करून ठेवतो. त्यांची पण सही लागंल."

त्या चार दिवसांत आबा माझ्याशी धड बोलले नव्हते. शेजारच्यांनी विचारलं की आपणच पुढं होऊन सांगायचे, "माझ्या हातनं गेलं." मला त्याचाही राग यायचा. तुमच्या हातानं कसं गेलं, चोरानं नेलं, असं म्हणायला मी तोंड उघडायचे, आणि मिटायचे. गाडीतलं माझंच ओरडणं आठवायचं.

बुधवारी कागद तयार होता. चोरीच लिहिलं होतं. आबांची शाळा चौथीपर्यंत, पण सही करायच्या आधी ते कुठलाही कागद वाचतात, बोट ठेवून, मोठ्यानं. फौंड्रीतही वाचायचे, म्हणून त्यांना तिथं मास्तर म्हणायचे. घरातले सगळे कागद मी वाचते, हा एक तेवढा ते मला वाचू देत नाहीत, सहीचा. बोट तिसऱ्या ओळीवर थांबलं.

"माझ्या वडिलांच्या अ... अक्षम्य हलगर्जीपणामुळे." माझ्याकडं बघितलं. "अक्षम्य म्हंजे गं?"

मी हवालदारावर उसळले. "हे कुणी लिहिलं? कुणी सांगितलं तुम्हाला वडिलांचं नाव असं घालायला?"

त्यानं फायलीतून शनिवारचा अर्ज काढला आणि टेबलावर ठेवला. निळी शाई, माझं अक्षर. हलगर्जीपणा तर होताच, त्याच्या आधी अक्षम्यही होता. एवढा शब्द मला कॉलेजनंच शिकवला. "माझ्या मनाचं न्हाय लिहिलं, मॅडम," तो म्हणाला. मग आबांना सांगितलं, "अक्षम्य म्हंजे ज्याला माफी न्हाय ते, काका."

आबांनी मान हलवली. "ऱ्हाऊ दे की मग. खरंच हाय. दे पेन."

"सही करायची न्हाय," मी म्हणाले. "अर्ज माझा हाय. ती ओळ काढा."

"एका ओळीसाठी परत टाइप?"

"परत. न्हायतर मी इथंच बसतो संध्याकाळपर्यंत."

पुटपुटत त्यानं पुन्हा टाइप केलं. आबांनी पुन्हा पहिल्यापासून बोट ठेवून वाचलं. 'अज्ञात चोरट्याने' इथं जरा थांबले, सावकाश वाचलं, आणि सही केली. बाहेर आल्यावर मी माफी मागायला हवी होती. मी रिक्षावाल्याशी भांडले.

लॅपटॉप मिळाला नाही. मिळेल असं वाटतही नाही. प्रकरणं पुन्हा लिहितेय, शिव्या घालत.

गेल्या शनिवारी मलकापूरची गाडी वळली. माणसं पळाली. आबा खांद्यावर टॉवेल असून जागचे हलले नाहीत.

"आबा, टाका की."

"नगं. दीड तासाचा तर रस्ता. उभ्यानं जाऊया."

मी माझी नवी बॅग त्यांच्यापुढं धरली. "ही टाका."

त्यांनी बॅगेकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तुझी तू धर," म्हणाले, आणि दाराच्या गर्दीत शिरले.

मलकापूरपर्यंत आम्ही उभ्यानं गेलो. आमच्या शेजारच्या सीटवर कुणाची तरी टोपी पडलेली होती. तिचा मालक दारातल्या गर्दीतून वाट काढत अर्ध्या रस्त्यात बसायला आला, तोवर तिला कुणी हात लावला नाही.