शंटच्या आतली कड

मृणालचा फोन आला तेव्हा मी हैदराबादेत दिलसुखनगरच्या बाजारात होतो. "काका, बाबा गेले. सावकाश या, घाई नाही." आवाज कोरडा होता. त्याला आता दीडेक महिना झाला... गेलेल्याविषयी गोड लिहिणं मला जमणार नाही.

श्रीधर माझा मित्र आणि भागीदार. नल्लकुंट्यात त्याच्या घराच्या तळमजल्यावर आम्ही बॅटरी चार्जरचे सर्किट बोर्ड बनवायचो. मोठा करंट मोजण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. करंटच्या वाटेत शंट, म्हणजे धातूची छोटी पट्टी बसवायची आणि तिच्या दोन टोकांमधला मिलिव्होल्टचा फरक वाचायचा. तो वाचणारे बारीक ट्रेस, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा, शंटच्या आतल्या कडेवरूनच काढायचे. जरा बाहेरून काढले की शेजारचं तांबंही मोजलं जातं, आणि तांबं तापलं की आकडा वर सरकतो.

इंजिनिअर होऊन आलेल्या मृणालच्या, म्हणजे त्याच्या एकुलत्या मुलीच्या, पहिल्याच बोर्डात ही चूक होती. श्रीधरनं ड्रॉइंग पाहताक्षणी मला ती बोटानं दाखवली. तिला बोलला नाही. बोर्ड बनू दिला, गिऱ्हाईक बोलावलं आणि त्याच्यासमोर पूर्ण करंट सोडून म्हणाला, "वाच गं. मोठ्यानं." आकडा चढत गेला, ती वाचत गेली, गिऱ्हाईक हसायला लागलं. तिचा आवाज फुटला तरी यानं थांबवलं नाही. नंतर मला म्हणाला, "सांगितलं असतं तर विसरली असती. आता मरेपर्यंत लक्षात राहील."

राहिलं. ती दुसऱ्या कंपनीत गेली, याच कामात तिनं नाव काढलं. घरी आली ती फक्त आईच्या तेराव्याला.

पुढे श्रीधरला अर्धांगवायू झाला, वाचा गेली, आणि मृणाल परत आली. औषधं, अंघोळ, सगळं चोख. डॉक्टरांनी बोलण्याचा सराव घ्यायला सांगितलं होतं. तो सराव ती घरात माणसं आली की घ्यायची. पाण्याचा ग्लास हातात धरून म्हणायची, "पाणी म्हणा, बाबा."

"पा... पा..."

"पूर्ण."

त्याची लाळ गळायची, डोळे भरायचे. आलेली माणसं खिडकीबाहेर बघायची. एकदा मी म्हटलं, "दे गं त्याला."

"आयतं दिलं तर शिकणार नाहीत, काका."

पाणी ती द्यायची, पण उशिरा. तो शब्द श्रीधरला शेवटपर्यंत पूर्ण म्हणता आला नाही.

परवा गेलो तर तळमजल्यावर रंगकाम चाललं होतं. विचार करताना श्रीधर खुर्ची मागे रेलून डोकं भिंतीला टेकायचा. तिथं खोबरेल तेलाचा काळपट गोल पडला होता. दोन हात मारूनही तो वर आलेला. "तेल है मॅडम, कित्ता भी मारो, आताइच," रंगारी म्हणाला.

मृणाल त्या डागाकडे बराच वेळ बघत राहिली.

"और मारो," ती म्हणाली.