अंगणातलं पिंप

महाळुंगे पडवळच्या त्या शेतकऱ्याचं नाव मी विचारलं नाही. त्याच्या अंगणातल्या पिंपात दहा झाडांचा पाला गूळ, शेण आणि गोमूत्रात महिनाभर आंबत होता. त्यातून पिकावरची कीड मारणारा अर्क तयार होतो. मी तिथे असतानाच दुपारी त्याच्या मुलीला पाहायला पाहुणे आले.

"मागं न्या म्हणलं व्हतं," बायको पुटपुटली.

"उद्या महिना भरतोय. जागचं हलवलं तर बिघडंल," म्हणत तो काठीने ढवळत राहिला.

"काय मेलंय का, राव?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"न्हाई पावणं, अर्क हाय."

पाहुणे पिंपावर वाकले. "आमचा दरसाल नासतो. गूळ किती घालता?"

"सोयरीक जमू द्या, मग सांगतो."

पोहे येण्याआधीच मुलाच्या वडिलांनी पसंती दिली. मुलगी स्वयंपाकघरात होती आणि नवरामुलगा फाटकाबाहेर नाकाला रुमाल लावून उभा होता.