अक्काचे सेल

अक्का काहीही बोलली की थांबायची. कॉफीच्या दुकानात तमिळमध्ये "दोन कॉफी, साखर कमी" असं सांगायची आणि दुकानदाराच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. त्यानं "दोन कॉफी, साखर कमी" म्हटलं की मगच बाकावर बसायची. ही सवय भजनातली. आमच्याकडे भजनात एकानं ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. कुंभकोणमच्या विठ्ठल मंदिरात बायकांच्या भजनाला ओळ सांगणारी अक्काच असे. कोणी उचलली नाही, तर ती पुढे जातच नसे. "मी एकटीनें म्हटलें तर तें भजन नव्हे, बडबड," म्हणायची.

ती माझी थोरली बहीण. नवरा गेल्यावर जवळच्या तिरुविडैमरुदूरला एकटीच राहायची आणि शनिवारी बसनं कुंभकोणमला माझ्याकडे यायची. आमचे पूर्वज तंजावरच्या दरबारी चाकरीला आले आणि इथलेच झाले. त्यांची मराठी आमच्या घरात राहिली, तमिळ वळणाची झाली. मी बँकेत असताना पुण्याहून टपालानं मासिकं मागवून माझी मराठी 'सुधारून' घेतली. हा तेव्हाचा माझा शब्द. अक्का हसायची. "तुझी मराठी इस्त्रीची रे. अंगास टोचत नाहीं काय?"

माझी बायको गेल्यावर घर फार गप्प झालं, म्हणून पुण्यातल्या मुलानं बिनतारी कराओकेचा संच पाठवला. एक उंच स्पीकर आणि दोन माईक. माईकमध्ये पेन्सिल सेल घातले की निळा दिवा लागे. फोन जोडला की टीव्हीवर गाण्याचे शब्द येत. तो संच मी आणि अक्कानं मिळून लावला. पहिल्यांदा माईक स्पीकरजवळ नेला आणि अशी शिट्टी वाजली की अक्कानं कान झाकले. "अय्यो! त्याचें पोट दुखतें काय?" स्पीकरच्या मागे प्रत्येक माईकच्या आवाजाचं वेगळं गोल बटण होतं. तिच्या माईकचं ओळखू यावं म्हणून तिनं त्यावर चंदनाचा ठिपका दिला. मग ती आपल्या माईकमधून ओळ सांगे, मी माझ्यातून उचलत असे. बायको गेल्यानंतर मी पहिल्यांदा मोठ्यानं गायलो तो त्या दिवसांत.

मग पुण्याहून व्याही-विहीणबाई आले. मुलगा आणि सूनही होते. व्याह्यांनी एक जुनं हिंदी गाणं म्हटलं, चांगलं म्हटलं. मग सुनेनं दुसरा माईक अक्काच्या हातात दिला आणि एका अभंगाचा नुसता साज लावला. अक्कानं पहिली ओळ म्हटली आणि सवयीप्रमाणे माईक आमच्यापुढे धरून थांबली. साज थांबला नाही. टीव्हीवरचे शब्द रंगत पुढे पळाले.

"अरे, थांबव त्यास! मागच्यांनीं म्हटलें नाहीं अजून!"

सगळे हसले. विहीणबाई म्हणाल्या, "किती गोड हो! अगदी जुन्या नाटकातल्यासारखं बोलतात." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे आज मला कळतं. तेव्हा माझे कान तापले. अक्काचा आवाज चिरका होता आणि तिचा 'विठ्ठल' तमिळ तोंडातून 'विट्टल' असा येत होता. इतक्या वर्षांची माझी इस्त्री चुरगळल्यासारखं मला वाटलं. वायर नीट करण्याचं निमित्त करून मी स्पीकरमागे हात घातला आणि चंदनाचा ठिपका पार खाली फिरवला.

अक्कानं दुसरी ओळ म्हटली. साजाच्या गलक्यात ती कुणापर्यंत पोचली नाही. व्याही मुलाशी बोलू लागले होते. अक्का माईक पुढे धरून थांबली. बराच वेळ थांबली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "रे, हें ऐकू येत नाहीं काय?"

"सेल संपले, अक्का."

तिनं हातातल्या माईककडे पाहिलं. निळा दिवा लख्ख जळत होता. तो तिलाही दिसला आणि मलाही.

"होय काय," ती म्हणाली आणि माईक मांडीवर ठेवला.

पुढच्या शनिवारी आली तेव्हा तिनं पिशवीतून सेलची नवी जोडी काढली. "सेल आणले," असं म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली. मी "हो, आणलेस" म्हटलं आणि जोडी कपाटात ठेवली. माईक तिनं मागितला नाही. "म्हण ना" असं मीही म्हटलं नाही. आता ठिपका वर फिरवला तर तो खाली कुणी फिरवला हे उघडं पडेल, ही भीती. त्यानंतर ती जेव्हा जेव्हा आली, सेल घेऊनच आली. आल्यावर ओळ सांगायची, "सेल आणले," आणि थांबायची. तिला कुठली ओळ ऐकायची होती ते मला ठाऊक होतं. मी दर वेळी भलतीच उचलली.

देवळातही ती मागे बसू लागली. कुणी विचारलं तर सांगायची, "आतां तुम्ही सांगा. मी उचलीन." लोक म्हणाले, वय झालं. मीही तेच म्हणालो.

ती गेली. तेराव्याला सगळे जमले तेव्हा तिच्या सेलची गोष्ट निघाली. पुण्याच्या पाहुण्यांसमोर माईकनं कसा दगा दिला आणि मग बिचारी जन्मभर सेल कशी वाहत राहिली, हे माझ्या मुलानंच रंगवून सांगितलं. सगळे डोळे पुसत हसले. मीही हसलो.

म्हणून हे लिहितो आहे. मुलानं वाचावं, व्याह्यांनी वाचावं, भजनातल्या बायकांना कुणी वाचून दाखवावं. माईकनं दगा दिला नव्हता. अक्काचा आवाज मी बंद केला, आणि ते तिला माहीत होतं.

तिनं आणलेल्या शेवटच्या जोडीतला एक सेल मी भिंतीवरच्या घड्याळात घातला. घड्याळ अजून चालतं आहे.