नेकारसुल्ममधला जबाब

नोकरीतल्या कितीतरी केसेस आता पुसट झाल्या आहेत, पण निवृत्तीनंतर जर्मनीत घडलेली एक घटना मनातून जात नाही. तिची नोंद कुठल्याच पोलीस ठाण्यात नाही.

तेव्हा मी आणि बायको नेकारसुल्मला मुलीकडे गेलो होतो. जावई मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. एका शनिवारी ते चांगली नवी सायकल घेऊन घरी आले. शेजारच्या इमारतीतल्या कोरियन सहकाऱ्याने तशीच फुकट दिली म्हणाले. पन्नाशीचा, एकटा राहणारा माणूस. कॉफीचं मशीन त्याने दुसऱ्या कोणाला दिलं होतं, कुंड्या तिसऱ्याला.

"मायदेशी चाललेत का ते?"

"नाही हो बाबा. म्हणजे, सुट्टीवर आहे, एवढंच."

"मग सामान का वाटतायत?" मी बूट घालायला घेतले.

"बाबा, इथे टेर्मिन, म्हणजे आधी वेळ घेतल्याशिवाय कोणाकडे जात नाहीत," मुलगी म्हणाली.

"खबर मिळाल्यावर बसून राहायचं नसतं," मी म्हणालो. ती सोबत आली.

दार बऱ्याच वेळाने उघडलं. मुलीने माझी ओळख करून दिली, निवृत्त पोलीस अधिकारी म्हणून. खोली लख्ख आवरलेली. भिंतीवर फोटो नव्हते, नुसते खिळे होते. चौकशीत पहिला प्रश्न साधा ठेवायचा, ही माझी जुनी सवय. "जेवलात का?" त्याने नकारार्थी मान हलवली. मग झोपेचं विचारलं, कामाचं विचारलं. त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच अडखळत होतं. "सगळं ठीक" म्हणताना तो हसायचा, पण मुठी आवळलेल्या होत्या.

शेवटी सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?"

मुलीने माझा दंड घट्ट धरला.

त्याने मुठी सोडल्या. मग म्हणाला, "रोज." सोलमध्ये त्याने एकदा तसा प्रयत्नही केला होता. घरच्यांनी नातेवाइकांना अपघात म्हणून सांगितलं आणि पुढे घरातही कोणी तो विषय काढला नाही.

"तुम्ही पोलीस. आता माझं काय करणार?" त्याने विचारलं.

तेव्हा आपल्याकडे आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. अशा माणसांचे जबाब मी हॉस्पिटलच्या खाटेशेजारी, आरोपी म्हणून घेतलेले. इथे माझ्या हातात ना कलम होतं ना अधिकार.

"तुमच्याजवळ बसणार," मी म्हणालो.

तो ओक्साबोक्शी रडला. मुलीने लगेच आपत्कालीन मदतीला फोन केला. माणसं येईपर्यंत आम्ही त्याच्याजवळून हललो नाही. निघताना त्याने स्वतःहून बहिणीचा नंबर दिला.

बहीण सोलहून आली. क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "यात लाजण्यासारखं काही नाही. तुमच्या देशात कितीतरी लोक हे लपवून जगतात. आम्ही डॉक्टरांनी रक्तदाब तपासतो तसं हेही विचारायला हवं." त्याचे उपचार पुढे चालू राहिले. काही दिवस अजून वाईट जातात, पण तो आहे.

पंचनाम्याला आम्ही नेहमी मागाहून पोहोचायचो. या वेळी आधी पोहोचलो, ते फक्त विचारलं म्हणून. विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरेल, अशी लोकांना भीती वाटते. तसं होत नाही. तो माणूस एकटाच त्या विचाराशी झगडत असतो.

पुण्याला परतल्यावर खात्यातल्या एका जुन्या मित्राला फोन केला. वहिनी गेल्यापासून त्याने भेटणंच सोडलं होतं. त्यालाही तेच सरळ विचारलं.

 तो म्हणाला, "आत्ता येतोस का?"